भिंगाची निवड

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी केलेल्या नाटकाची छायाचित्रे पाहण्याचा योग आला. दुपारी मैदानावर घेतलेली चित्रे स्वच्छ व रेखीव होती; रात्री रंगमंचावर घेतलेली मात्र बहुतेक पुसट. नायकाने उगारलेला हात तर धुक्याच्या पट्ट्यासारखा दिसत होता. चित्रे घेणारा विद्यार्थी खिन्न होऊन म्हणाला, “सर, आपला कॅमेराच हलक्या प्रतीचा.” वस्तुतः दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि त्या मुलाचाही नव्हता. त्या प्रसंगाला साजेसे भिंग त्याच्यापाशी नव्हते, इतकेच. तेव्हा भिंगाची निवड कशी करावी, याचा थोडा विचार करू.

प्रत्येक भिंगावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला नाभीय अंतराचा. तो मिलिमीटरमध्ये देतात. हे अंतर कमी असेल तर दृश्याचा विस्तीर्ण भाग चौकटीत येतो, अधिक असेल तर दूरची वस्तू मोठी दिसते. ज्याचे नाभीय अंतर बदलता येते ते झूम भिंग आणि ज्याचे कायम असते ते प्राइम भिंग. दुसरा आकडा ‘एफ’ या अक्षरापुढे असतो. नाभीय अंतराला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले असता हा आकडा मिळतो. अर्थात आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ २ म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र, एफ ५.६ म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरचे. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आत येतो; म्हणून या दोहोंत सुमारे आठपटींचे अंतर पडते.

आता नाटकाचे कोडे उलगडते. नव्या कॅमेऱ्याबरोबर एकाच खोक्यात मिळणारे भिंग, म्हणजे किट झूम, बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचे असते. १८ वर त्याचा एफ-आकडा ३.५ असतो, पण ५५ वर तो ५.६ होतो. पात्र जवळ आणावे, तो प्रकाशाची वाट अरुंद होते! एफ ५.६ ला जेथे सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, तेथे एफ २ ला सुमारे एकशेविसावा भाग पुरतो. सेकंदाच्या पंधराव्या भागात नटाचा हात सहज चार बोटे सरकतो आणि चित्र पुसट होते.

म्हणून किट झूम टाकाऊ ठरत नाही. ते वजनाला हलके, किमतीला माफक आणि प्रवासाला सोयीचे. दिवसाउजेडी एफ ८ वर घेतलेले वर्गाचे सामुदायिक चित्र नेहमीच्या आकारात छापले, तर ते महागड्या भिंगाचे की या भिंगाचे, हे ओळखणे कठीण जाते.

व्यावसायिक झूम, उदाहरणार्थ २४ ते ७० किंवा ७० ते २०० मिलिमीटरचे, आपला एफ २.८ हा आकडा अखेरपर्यंत टिकवते. लग्नसमारंभ असो वा क्रिकेटचा सामना, छायाचित्रकाराला वाटेल तेथे जाता येत नाही आणि प्रसंग त्याच्यासाठी थांबत नाही. अशा ठिकाणी हेच भिंग उपयोगी. परंतु ७० ते २०० च्या भिंगाचे वजन बहुधा किलोहून अधिक आणि किंमत बहुधा लाखाच्या वर. ज्याचा चरितार्थ त्यावर चालतो, त्यालाच हा भार परवडावा.

प्राइम भिंगात झूमची गुंतागुंतीची यंत्रणा नसते. त्यामुळे ५० मिलिमीटर, एफ १.८ चे साधे भिंग हलके व त्या मानाने स्वस्त असते आणि एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश घेते. मात्र छिद्र पूर्ण उघडले की स्पष्टतेचा पट्टा अगदी अरुंद होतो. जवळून चेहरा टिपला तर डोळा रेखीव आणि कान पुसट! शिवाय चौकट लहानमोठी करायची तर स्वतःच पुढेमागे चालावे लागते.

ही मर्यादा पुष्कळदा गुरूही होते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ख्यात असलेल्या होमाई व्यारावाला यांनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे आपल्या वडोदऱ्यात घालविली. २०१२ साली येथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी वापरलेल्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याचे भिंग न बदलता येणारे आणि एकाच नाभीय अंतराचे असे. कोठे उभे राहावे, हे आधी ठरविल्यावाचून त्यातून चित्र साधत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, पैसे खर्च करण्यापूर्वी आपलीच शंभर चित्रे तपासा. प्रत्येक चित्राबरोबर नाभीय अंतराची नोंद कॅमेरा ठेवीत असतो. पुढे आठ दिवस किट झूम ३५ वर ठेवून ते न फिरविता चित्रे घ्या. अडचण अंधाराची आहे, अंतराची आहे की केवळ आपल्या आळसाची, हे आपोआप कळेल.

यंदा त्याच विद्यार्थ्याने एका परिचिताकडून ५० मिलिमीटरचे प्राइम भिंग मागून आणले आणि तो रंगमंचासमोर जमिनीवर बसला. नायकाचा हात या वेळी बोटांसकट स्वच्छ उमटला. अखेरच्या प्रवेशातील सर्व पात्रे मात्र त्याच्या चौकटीत मावेनात. तेव्हा त्याने पिशवीतून आपले जुने किट झूम काढले.