एका रात्रीचा जमाखर्च : निद्रा-तपासणीविषयी

“झोपायला दवाखान्यात कशाला यायचे?” हा प्रश्न नातेवाईक आमच्या कार्यालयात वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या खोलीत रुग्ण केवळ एक रात्र झोपून जातो, तिचे प्रयोजन देणगीदारांनाही कळावे, म्हणून हे टिपण.

आपल्या वऱ्हाडात घोरणे हा थट्टेचा विषय आहे. उन्हाळ्यात गच्चीवर बाजा पडल्या की कोण किती घोरतो हे शेजाऱ्यांनाही कळते आणि मोठ्याने घोरणाऱ्यास गाढ झोप लागली, असेच सर्व समजतात. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, घोरणे एकाएकी थांबते, रक्तातील प्राणवायू उतरतो. मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग मोकळा करतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. असे रात्रभर चालते. सकाळी रुग्णास यातले काहीच आठवत नाही. डोके जड वाटते, दुकानाच्या गल्ल्यावर दुपारी डुलकी लागते, आणि तो वयाला दोष देतो. या आजाराची खरी साक्षीदार शेजारी जागी असलेली पत्नी. “यायचा श्वास मधातच थांबते जी,” हे तिचे एक वाक्य डॉक्टरांना फार मोलाचे वाटते. मात्र पती ते कबूल करीत नाहीत.

तपासणीत तिची साक्ष कागदावर उतरते. डोक्यास, डोळ्यांच्या कडेला व हनुवटीस लावलेल्या तारा झोपेची अवस्था नोंदवतात. नाकापाशी श्वासाचा प्रवाह, छाती व पोटावरील पट्ट्यांतून श्वासाचा प्रयत्न आणि बोटावरील चिमट्यातून प्राणवायूचे प्रमाण कळते. पट्टे हलत आहेत पण नाकातून हवा नाही, याचा अर्थ मार्ग बंद. पट्टेही स्तब्ध असतील तर मेंदूकडूनच आज्ञा सुटलेली नाही. दोहोंचे उपचार वेगळे असल्याने हा भेद महत्त्वाचा. तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत रात्रभर जागा असतो. पुढे ही नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचली जाते; आठ तासांचे ९६० तुकडे होतात. आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हास हे खतावणीसारखे वाटते.

प्रौढ व्यक्तीत किमान १० सेकंद श्वास थांबणे अथवा ठरावीक प्रमाणात मंदावणे ही एक नोंद. तासाला सरासरी ५ ते १५ नोंदी म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र आजार. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांत दिवसाच्या पेंगेसह हा विकार आढळला होता. आजार दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती तपासणी.

दुर्लक्षाने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. वाहनचालकांची चिंता आम्हास अधिक वाटते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर टाकून विश्वविक्रम झाला, त्याचा आम्हासही अभिमान आहे. परंतु गुळगुळीत रस्त्यावर पेंगणाऱ्या चालकास जागे करायला खड्डाही नसतो.

उपचारांत वजन घटविणे आलेच. मध्यम व तीव्र आजारात मुख्य आधार म्हणजे नाकावरील मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ते प्रथम मांडले. खेदाची बाब अशी की, अनेक घरांत ते महिनाभरात कपाटात जाते. मुखवटा टोचतो, नाक कोरडे पडते, वीज जाते, आणि ‘लोक काय म्हणतील’ हेही असतेच. यातील बहुतेक अडचणी मुखवटा बदलून किंवा हवेत ओलावा देऊन सुटतात. तेव्हा यंत्र बंद करण्यापूर्वी आमच्याकडे यावे.

तपासणीस येताना केस धुवावेत व तेल लावू नये, अन्यथा तारा चिकटत नाहीत. नखांना रंग नसावा. त्या दिवशी दुपारची झोप व दुपारनंतरचा चहा टाळावा. नेहमीची औषधे सोबत आणावीत, डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. आणि घरात जो रात्री जागा असतो, त्यास अवश्य बरोबर आणावे.