निष्ठुर, कोडगी की नुसती अबोल?

बचत गटाची बैठक झाली, हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या की चहा येतो. चहाबरोबर माणसंही बोलण्यात येतात. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाचा दीर. आणि मग एक शब्द हमखास कानावर पडतो, "लई निष्ठुर बाई!" आम्ही समन्वयक गावोगाव गटांमध्ये बसतो, तेव्हा हा एकच शब्द किती वेगवेगळ्या माणसांना लावलेला ऐकतो! जी चारचौघांत रडत नाही ती निष्ठुर. जी थकबाकीदाराला दुसरं कर्ज देत नाही ती गटाची अध्यक्ष निष्ठुर. आणि जो बायकोला दोन दोन दिवस उपाशी ठेवतो, तोही निष्ठुरच. या तिघांना एका दाव्याला बांधून कसं चालेल? आपल्या मराठीत वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. आज त्यांच्याविषयी बोलू.

आपल्याकडे मायेचं माप पाण्यात असतं. प्रेमळ माणसात ओलावा असतो, नसेल तर तो कोरडा. आजाऱ्याला दारातूनच "बरं आहे ना?" विचारून पाहुणा निघाला, तर ती कोरडी विचारपूस. "दगडाला पाझर फुटेल, पण ह्याला नाही," असंही आपण म्हणतो. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी पाझराची वाट बघत बसलेल्या बाईला याचा अर्थ समजावून सांगायला नको. थंड हा शब्द मात्र आपल्याकडे सरळ वाईट नाही. थंड डोक्याची बाई म्हणजे भांडणातही तोल न सोडणारी. पण "थंड डोक्यानं काटा काढला" म्हटलं की अंग शहारतं.

आता कोरडा माणूस आणि निर्दय माणूस यांत मोठं अंतर आहे. घुमा माणूस मनातलं बोलत नाही. तुसडा माणूस सरळ विचारलं तरी तोडून उत्तर देतो. माणूसघाण्याला घरी कुणी आलेलंच नको असतं. असल्या माणसांशी संसार करणं सोपं नाही, हे कबूल. पण ती मुद्दाम कुणाचं वाईट करतातच असं नाही. अबोल बाईवर तर फारच अन्याय होतो. नवरा गेला, डोळ्यांत टिपूस नाही, आठव्या दिवशी खुरपं घेऊन शेतात गेली, की गाव म्हणतं, "दगडाच्या काळजाची आहे." घरात तीन लेकरं असतात, सावकाराचा निरोप आलेला असतो. ती रात्री रडते की नाही, हे कुणी बघायला गेलेलं नसतं. अशा बाईला दगड म्हटलं की पुढचं सोपं होतं. तिला मदतीची गरज नाही असं सगळे धरून चालतात, आणि गटातसुद्धा तिला कुणी विचारत नाही.

निर्दय हा शब्द अगदी सरळ आहे. ज्याला दया नाही तो निर्दय. बेरहम, बेदर्दी हे शब्द फारसीच्या वाटेनं आले, अर्थ जवळपास तोच. निष्ठुर म्हणजे मुळात कठीण, खरखरीत. आम्हाला वाटतं, ज्याच्याकडून मायेची अपेक्षा होती त्यानं पाठ फिरवली की हा शब्द जास्त शोभतो. अनोळखी चोराला आपण निष्ठुर म्हणत नाही, पोटच्या पोरानं आईला घराबाहेर काढलं तर त्याला म्हणतो. क्रूर त्याहून पुढचा. या शब्दाचं नातं संस्कृतात कच्च्या मांसाशी, रक्ताशी आहे. निर्दय माणूस दुसऱ्याचं दुःख बघून हलत नाही. क्रूर माणूस ते दुःख स्वतः देतो.

निर्मम या शब्दाची गंमत आहे. बातम्यांत "निर्मम हत्या" ऐकून तो वाईटच वाटतो. पण गीतेच्या १२ व्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना हाच शब्द गुण म्हणून येतो. माझं माझं न करणारा, तो निर्मम. आणि "कसाई" म्हणताना जरा थांबावं. तो कुणाचा तरी पोटापाण्याचा धंदा आहे, आणि त्या घरातली बाई आपल्याच गटात शेजारी बसलेली असू शकते.

काही शब्द माणूस असा कसा झाला तेही सांगतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून ज्याच्या मनाला काही वाटेनासं झालं, तो निर्ढावलेला. कितीही बोला, जो जागचा हलत नाही, तो निगरगट्ट. कोडगा म्हणजे बोलणी आणि मार खाऊन खाऊन ज्याला लाज उरली नाही तो. "मारून मारून पोरगं कोडगं झालं" असं आपणच म्हणतो. म्हणजे त्यात मारणाऱ्याचाही वाटा आला. हप्ता थकलेल्या बाईला दर बैठकीत सगळ्यांसमोर बोललं, तर चौथ्या बैठकीला ती मान खाली घालून नुसती बसते. मग आपण तिला कोडगी म्हणतो. तिला एकदा बाजूला घेऊन विचारलं, तर दवाखान्याचा खर्च निघतो, नाहीतर नवऱ्यानं पैसे काढून घेतलेले असतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. खाष्ट म्हटलं की सासूच डोळ्यांपुढे येते. कजाग, कैदाशीण हे शब्दही बाईच्याच वाट्याचे. खाष्ट सासरा असं कुणी म्हणतं का? तो तसाच वागला तर "स्वभाव जरा कडक आहे." नवऱ्यानं ताट भिरकावलं तर "तापट आहे, पण मनानं चांगला आहे." हा कडक शब्द फार झाकून ठेवतो.

कायद्यानं मात्र या वागण्याला क्रूरता म्हटलं आहे. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८अ हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी बाईला जीव द्यायला लावील, किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा करील असं जाणूनबुजून वागणं, ही क्रूरता. माहेराहून पैसे किंवा वस्तू आणण्यासाठी छळणं हीही क्रूरता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीबरोबर टोमणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून केलेला अपमान आणि घरखर्चाला पैसे न देणं हेही हिंसाचारात येतं.

पण तिथं "माझा नवरा निर्दय आहे" एवढं सांगून भागत नाही. काय घडलं, कोणत्या तारखेला, कुठं, कोण हजर होतं, हे लागतं. "सोमवारी रात्री धान्याच्या कोठीला कुलूप लावलं, दोन दिवस मुलांना शेजारणीनं जेवू घातलं," असं वाक्य उपयोगी पडतं. जिला लिहिता येत नाही, तिचं गटातल्या सचिवानं लिहून द्यावं, तिच्याच शब्दांत, आणि ते बैठकीत वाचून दाखवू नये. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे ती अर्ज करू शकते. महिलांसाठी मदतीचा फोन १८१ आहे, आणि जिवाला धोका असेल तर ११२.