बोल्टमागचा कार्बन कोण मोजणार?

'शाश्वत पुरवठा साखळी' हा विषय संशोधनासाठी बरेच जण निवडतात. पण साखळीत नेमकं काय मोजायचं, इथेच घोडं अडतं. एक उदाहरण घेऊन बघू.

समजा, भोसरीतला एक लघुउद्योजक जर्मनीला बोल्ट पाठवतो. युरोपियन युनियनचा कार्बन सीमा नियम, म्हणजे सीबॅम, ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती मागत होता. 1 जानेवारी 2026 पासून त्यात पैशाचा हिशोब आला. 2034 पर्यंत हा भार टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. पैसे भरणार युरोपातला आयातदार. पण उत्सर्जनाचे आकडे तो मागणार आपल्या उद्योजकाकडे.

आता गंमत बघा. बोल्ट घडवताना कारखान्यात जळणारं इंधन थोडंच असतं. खरा कार्बन असतो विकत आणलेल्या वायर रॉडमध्ये. कोळशावर चालणाऱ्या झोतभट्टीतून एक टन पोलाद काढताना साधारण दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार वितळवून केलेल्या पोलादात तो बराच कमी. दोन्हींचे बोल्ट दिसायला सारखेच!

रॉड व्यापाऱ्यामार्फत घेतला असेल, तर तो कुठल्या भट्टीतला हे कळणार कसं? खरा आकडा नसेल, तर नियमातला डीफॉल्ट आकडा लागतो आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. म्हणजे स्वच्छ माल वापरूनही, कागद नाही म्हणून ऑर्डर हातची जाऊ शकते.

म्हणून माझ्या मते इथे साखळी म्हणजे मालाचा प्रवास जितका, तितकाच माहितीचाही. संशोधनाला जागा आहे ती इथेच. दोन प्रश्न सुचवतो.

पहिला, मोजणीची हद्द. सीबॅममध्ये पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जनावर शुल्क आहे. विजेमागचं उत्सर्जन त्यात धरत नाहीत. जालन्यातल्या इंडक्शन भट्ट्या विजेवर चालतात. मग कोळशाच्या विजेवर वितळवलेलं भंगार 'हरित' म्हणायचं का?

दुसरा, अदलाबदल. कंपनीने कमी कार्बनचं पोलाद युरोपला आणि बाकीचं इतरत्र विकलं, तर कागद सुधारतो, हवा तीच राहते. हे ओळखायचं कसं?

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा आधी एकच वस्तू निवडा आणि तिचा कार्बन भट्टीपासून बंदरापर्यंत कोणाकोणाच्या वहीत नोंदला जातो, ते कागदावर काढा. जिथे नोंद तुटते, तिथे तुमचा संशोधन प्रश्न सापडेल.