शाम्पूच्या मुळाशी चंपी

इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर १८२१ साली उघडलेल्या एका स्नानगृहात लोक ‘शाम्पू’ करून घ्यायला येत, पण तिथे केस कोणी धुवत नसे. आधी वनस्पती घातलेल्या वाफेत गिऱ्हाइकाला घाम फुटेपर्यंत बसवायचं. मग भोवतालच्या फ्लॅनेलच्या कापडाला शिवलेल्या बाह्यांतून मालिशवाल्याचे हात आत येत आणि आखडलेले सांधे रगडून काढत.

हे स्नानगृह चालवणारे शेख दीन महंमद १७५९ साली पाटण्यात जन्मले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून ते आयर्लंडला गेले, १७९४ साली इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं, १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं आणि त्यात दिवाळंही काढलं. ब्रायटनने मात्र हात दिला. ते राजा चौथ्या जॉर्जचे ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. आजच्या एखाद्या सलूनलाही हा हुद्दा आवडेल!

त्यांनीच हा शब्द इंग्रजीत नेला, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. हिंदीतलं ‘चाँपो’, म्हणजे दाबा, हे त्यांच्या आधीच अठराव्या शतकात इंग्रजीत पोचलं होतं. आपलं ‘चापूनचोपून’ त्याच गोतावळ्यातलं. दीन महंमदांनी शब्दाला प्रतिष्ठा दिली. केस धुणं हा अर्थ त्याला चिकटला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

तेव्हा शाम्पू म्हणून वापरला जायचा तो साबणच. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका होतो. बोअरच्या पाण्याने साबण लावून न्हालेल्यांना तो ठाऊक असतो. १९३०च्या दशकात कृत्रिम डिटर्जंटचे शाम्पू आले आणि ही कटकट मिटली.

डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. केसावर पसरलेला तेलाचा थर त्यामुळे आकसून थेंब बनतो. तो सुटा व्हायला बोटांनी चोळण्याची मदत होते. थेंबाभोवती रेणूंचं कडं बसलं की पाणी त्याला वाहून नेतं. या साऱ्यात फेसाचं काम फारच थोडं. पण फेस नसला तर गिऱ्हाइकाला धुतल्यासारखं वाटत नाही, म्हणून कंपन्या तो वाढवायला वेगळे पदार्थ घालतात. शिकेकाईला फेस बेताचाच येतो. तरी तिच्यातलं सॅपोनिन तेलाला धरतं त्याच पद्धतीने.