कांचपेटींतील मात्स्यन्याय

रायगडच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांतून हल्लीं शोभेच्या माशांची कांचपेटी दिसते. मुलांस तिचें मोठें कौतुक. परंतु थोड्याच दिवसांत एखाद्या माशाचे पर फाटलेले आढळतात आणि मुलें हिरमुसतात.

कोंकणच्या खाड्यांतील कालुंदर, १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेली आफ्रिकी तिलापिया, आणि पेटींतील एंजल व ऑस्कर हे सर्व सिक्लिड कुळांतले. तिलापियाचा नर विणीच्या काळांत वाळूंत खळगा उकरून तो राखतो. कालुंदर जातींत नरमादी मिळून अंडीं सांभाळतात. तेव्हां हा क्रूरपणा नव्हे, घर राखण्याची वृत्ति होय. खाडींत हरलेला मासा दूर पळतो. पेटींत त्यास पळावयास जागाच नसते.

दंडधराच्या अभावीं बलवान् दुर्बळास गिळतो, यास कौटिल्यानें मात्स्यन्याय म्हटलें आहे. पेटीचा दंडधर गृहस्थच! म्हणून आम्ही सुचवितों कीं, पेटी प्रशस्त घ्यावी. दगड व खापरें अशीं रचावीं कीं एकाची दृष्टि दुसऱ्यावर सहज पडूं नये. नवा मासा सोडतांना मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांची मालकी मोडते. घायाळ मासा वेगळा ठेवून पाणी थोडें थोडें बदलीत जावें. स्वच्छ पाण्यांत फाटलेला पर बहुधा पुन्हां भरून येतो. कडा पांढरट होऊन झिजूं लागल्यास मात्र तो रोग समजून जाणकारास विचारावें.

जीव पोसावयास घेतला, तर त्यास लपावयास एक कोपरा देणें हें आपलें कर्तव्यच आहे.