न्हाणीघरांतील अग्नि

नीरेकांठच्या अकलूज गांवीं पौषांत पहांटेचा गारठा अंगास झोंबतो, आणि एकत्र कुटुंब म्हटलें म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास दहा-बारा माणसांच्या स्नानाचें पाणी तयार असावें लागतें. पूर्वीं हें काम अंगणांतला तांब्याचा बंब करी. त्याची रचना मोठी युक्तीची असे. मधोमध उभी नळी, तळाशीं जाळी, आणि नळीभोंवतीं पाणी. जाळीखालून हवा आंत शिरे, धूर वरून निघून जाई व जातां जातां आपली उष्णता पाण्यास देई. जळण म्हणून ढलप्या, गोवऱ्या, आणि या उसाच्या मुलखांत चिपाडेंही चालत.

आतां पुष्कळ घरीं गॅसचा गीझर आला आहे. सोय खरीच! 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर नेण्यास 500 किलोकॅलरी उष्णता पुरते. थोडी वायां गेली तरी साठेक ग्रॅम गॅसमध्यें काम भागतें.

परंतु बंब उघड्यावर असे. गीझर मात्र कित्येक ठिकाणीं बंद न्हाणीघरांत टांगलेला दिसतो. धोका आहे तो येथेंच. कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु कमी पडला कीं गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक जोरानें चिकटतो. डोकें जड होतें, भोंवळ येते, आणि कडी काढण्याचेंही त्राण उरत नाहीं. बाहेरच्यांस वाटतें, आज स्नानास अंमळ वेळ लागला!

इंग्लंडमध्यें कालव्यांवर जेमतेम 7 फूट रुंदीच्या राहत्या नौका असतात. त्यांच्या चिंचोळ्या खोल्यांतही शेगडीवर वा गॅसवर पाणी तापवितात. हाच धोका ओळखून तेथें 2019 च्या एप्रिलपासून अशा नौकांवर या वायूची सूचना देणारें यंत्र आवश्यक ठरविण्यांत आलें.

आपल्या घरीं उपाय सोपा आहे. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत बसवावा. आंत केवळ पाण्याची नळी न्यावी. तें होईपर्यंत दार उघडें ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, मगच कडी लावावी. थंडी वाजते म्हणून झरोका कधींही बुजवूं नये. सोलापूरकडील उन्हांत सौर बंब उत्तम; त्यांत ज्वालाच नाहीं. आणि कोणी स्नानास गेलें कीं घरांतील वडील माणसानें मधून एकदां हांक मारावी. उत्तर आलें नाहीं, तर संकोच न करितां दार उघडावें.