जबड्यातील भोक आणि कारखान्यातील जिग



मी दंतवैद्य नव्हे. माझे निम्मे शिक्षण कारखान्यात झाले आणि निम्मे सार्वजनिक वाचनालयात. तरीही या विषयावर बोलायला उभा आहे. कारण जबड्यात कृत्रिम दात रोवणे हे मुळात अचूक भोक पाडण्याचे काम आहे, आणि भोके मी पुष्कळ पाडली आहेत.

टायटॅनियम धातूला हाड घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. धातूचा प्रश्न सुटला, जागेचा राहिला. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना पुरवणारी नस जाते. ती दुखावली तर ओठ महिनोन्महिने, क्वचित कायमचा, बधिर राहतो. वरच्या दाढांवर हवेची पोकळी असते. शिवाय शेजारच्या दातांची मुळे आहेतच. यांतले काहीच हिरडीवरून दिसत नाही.

म्हणून आधी जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र घेतात. दातांचा ठसा संगणकात उतरवून त्या चित्राशी जुळवतात. दात कोठे यायला हवा हे प्रथम ठरते, मग त्याखाली स्क्रू कोठे हे. त्या आराखड्यावरून रेझिनचा साचा छापतात. तो उरलेल्या दातांवर टोपीसारखा बसतो. त्यातील नळीतून ड्रिल ठरलेल्या दिशेने आणि ठरलेल्या खोलीपर्यंतच जाते. आमच्या भाषेत ही जिग, आणि ती नळी म्हणजे बुश!

पण जिगवर आंधळा विश्वास नको. एका कारखान्यात माझ्या जिगचा बुश झिजलेला होता. भोके तिरकी गेली आणि पगार कापला गेला तो माझा. जबड्यातला साचाही चुकतो. चित्र घेताना रुग्ण हलला, साचा नीट टेकला नाही, नळीत ड्रिल सैल राहिले, तर चुकीत चूक मिळते. सरासरी फरक एक मिलिमीटरहून थोडा अधिक आणि कोनात तीन-चार अंश येतो, असे पाहणीत दिसते. नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राखायचे ते याचसाठी. आणखी एक गोष्ट म्हणजे उष्णता. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापले तरी त्याला इजा होते, आणि साच्यामुळे थंड पाणी भोकापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून ड्रिल वरचेवर बाहेर काढावे लागते. पोलादावर आम्हीही तेच करतो.

साच्याऐवजी कॅमेऱ्याने ड्रिलचा माग काढून पडद्यावर दाखवण्याचीही पद्धत आहे. पण तेथेही पाहणारा डोळा आणि धरणारा हात माणसाचाच.

तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी विचारा: नस किती दूर आहे? साचा दातांवर बसवून पाहिला का? तो बसलाच नाही तर काय कराल? प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. जबडा आपला आहे आणि पैसेही आपल्याच कष्टाचे आहेत.